डब्याचा खालचा कप्पा

भद्रे सरांच्या भूगोलाच्या तासाला राजधान्या फारशा विचारल्या जात नसत. सर वर्गात येत, जगाचा नकाशा खिळ्याला अडकवत, हातातली छडी एखाद्या देशावर टेकवत आणि विचारत, "इथं सकाळी काय खातेत?" मग तिथं पाऊस किती, जमीन कसली, समुद्र जवळ की लांब, थंडी किती महिने, हे सगळं त्या न्याहारीच्या मागून ओळीनं येई. पाऊस कमी म्हणजे भात नाही, भात नाही तर काय, कुरण आहे म्हणजे जनावरं आली, जनावरं आली म्हणजे दूध आलं, ते टिकवायचं कसं, असं करत करत ते पोरांना अर्धापूरच्या केळीच्या बागांतून उचलून थेट मंगोलियात नेऊन ठेवत. पोरांना मंगोलियाची राजधानी आठवत नसे, पण तिथं घोडीचं दूध आंबवून पितात आणि का पितात, हे ती झोपेतही सांगत.

मी लातूरचा. इंग्रजी शिकवायला त्या शाळेत रुजू झालो, त्या दिवशी मुख्याध्यापकांनी सगळ्यांशी ओळख करून दिली. बाकीच्यांनी गाव, आडनाव, सासुरवाडी विचारून मी कोणापैकी ते काढायचा प्रयत्न केला. भद्रे सर सगळ्यांच्या मागं उभे होते. किडकिडीत अंगकाठी, पांढरा शर्ट, खिशात घडी घातलेला रुमाल. त्यांनी विचारलं, "लातूरला सकाळी सुशिलाच करतेत ना अजून?" मी हो म्हणालो. मग चुरमुरे किती वेळ भिजवता, पिळून घेता का नुसते निथळता, डाळव्याचं पीठ फोडणीत घालता का वरून, अशी सरबत्ती सुरू झाली. मी आयुष्यभर सुशिला खाल्लेला माणूस, पण एकाही प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही. "घरी इचारून या उद्या," सर म्हणाले. आणि मी खरोखर विचारून गेलो. नोकरीतला पहिला गृहपाठ मला भद्रे सरांनी दिला.

स्वतः मात्र ते खाण्याचे शौकीन अजिबात नव्हते. एक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा, एवढ्यावर त्यांचा दिवस निघे. नांदेडला एका माजी विद्यार्थ्यानं त्यांना हौसेनं नूडल्स खायला नेलं, तर दोन घास खाऊन त्यांनी प्लेट बाजूला सारली आणि त्या मुलालाच चीनमधल्या गव्हाबद्दल अर्धा तास सांगितलं. "माझी भूक जिभेची न्हाई, कानाची हाय," असं ते म्हणत. ही भूक भागवायला ते कुठंही जात. परदेशातून गुरुद्वाऱ्याला आलेले पाहुणे दिसले की लंगरच्या पंगतीत मुद्दाम त्यांच्या शेजारी बसत. केळीचे व्यापारी बागेत आले की सर सायकल थांबवून विचारत, "आपलं केळ तिकडं आखातात कशासंगं खातेत?" व्यापाऱ्याला केळाचा भाव माहीत असे, ते कशाबरोबर खातात हे माहीत नसे. सर हळहळत, म्हणत, एवढं लांब माल पाठवतेत आणि ताटात काय होतं ते इचारत न्हाईत.

आमच्या दोघांच्या वर्गांमध्ये भिंत अर्धीच होती. वरचं बांधकाम निधीअभावी राहिलं होतं, त्यामुळं माझ्या इंग्रजीत त्यांचा भूगोल मिसळत असे. त्या अर्ध्या भिंतीवरून मला त्यांचा एक नियम कळला. पोरांना असल्या गोष्टी सांगायच्या म्हणजे कोणीतरी नाक मुरडणारच. मेक्सिकोत नाकतोडे भाजून लिंबू-मीठ लावून खातात म्हटलं की मागच्या बाकावरून "छी" येणार. सर रागवत नसत. जो "छी" म्हणेल त्यानं उभं राहायचं आणि आपल्या घरात खाल्ली जाणारी अशी एक गोष्ट सांगायची, जी ऐकून दुसरा कोणी "छी" म्हणेल. छी म्हणलं की घरचं एक सांगायचं. बस, एवढाच नियम.

पहिल्यांदा पोरं लाजत. मग मजा येऊ लागली. कोणी व्यालेल्या म्हशीचा चीक सांगे, कोणी पाया, कोणी आजोबा भाजलेल्या मुंडीतले डोळे कसे आवडीनं खातात ते. स्कॉटलंडमध्ये मेंढीच्या पोटात ओट आणि काळीज भरून शिजवतात असं सरांनी सांगितलं, तेव्हा एक मुलगा हात वर करून म्हणाला, "सर, म्हणजे त्यायची वजडी." सरांना एवढा आनंद झाला की त्यांनी त्याच्यासाठी सगळ्या वर्गाकडून टाळ्या वाजवून घेतल्या. चांगलं का वाईट ते ठरवायला आपण कोण, कसं खातेत ते बघा, हे वाक्य तर त्यांच्या तोंडात कायमचं होतं.

एकदा तपासणीला एक साहेब आले. त्यांनी नकाशावर आइसलँड दाखवून एका मुलाला राजधानी विचारली. मुलगा म्हणाला, "राजधानी न्हाई माहीत साहेब, पण तिथं शार्क मासा जमिनीत पुरतेत, कुजवतेत, वाळवतेत आन् मंग खातेत." साहेबांच्या तोंडून नकळत "छी" निघून गेलं. सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "साहेब, घरचं एक सांगा." मुख्याध्यापकांचा चेहरा पडला. भद्रे सर शांतपणे नियम समजावून सांगू लागले, जणू काही हे पाठ्यपुस्तकातच दिलेलं होतं. साहेब माणूस बरा होता. थोडा विचार करून, आवाज खाली आणून ते म्हणाले, "सुकट." वर्गाची साफ निराशा झाली. सुकट तर सगळेच खातेत, असं दोघातिघांनी त्यांना सांगितलं. शेऱ्यात साहेबांनी नकाशावाचनाकडं लक्ष द्यावं असं लिहिलं आणि जाताना सरांचा हात हातात घेतला.

त्याच अर्ध्या भिंतीवरून मी आणखी एक गोष्ट ऐकली. हिमायतनगरकडच्या तांड्यावरचा एक मुलगा वर्गात नवीन आला होता. त्याच्यावर पाळी आली, तेव्हा तो म्हणाला, आमच्याकडं बकऱ्याचं रक्त शिजवून खातात. वर्गातून मोठा "छी" आला, एकाच वेळी सगळ्यांचा. नियमाप्रमाणं आता सगळ्यांनीच घरचं सांगायला हवं होतं. शिवाय सर नेहमीप्रमाणं त्या मुलाला विचारतील, कसं शिजवता, कांदा आधी का नंतर, कशासंगं खाता, अशी मी वाट पाहत होतो. सर म्हणाले, "बस खाली," आणि फळ्याकडं वळले. कसं खातात हे त्यांनी न विचारल्याचं मला तेवढं एकच आठवतं. मग पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं सरळ विचारलं, "सर, तुमच्या घरचं एक सांगा ना." सरांनी नकाशा गुंडाळला. तास संपायला अजून बराच वेळ होता.

भद्रे सर बौद्ध, मी मराठा. शाळेत ही गोष्ट कोणी बोलत नसे आणि कोणी विसरतही नसे. दुपारच्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत लांब टेबलावर वर्तमानपत्र पसरायचं, सगळ्यांनी आपापले डबे मध्ये उघडायचे आणि सगळ्यांनी सगळ्यांचं घ्यायचं, अशी पद्धत होती. भद्रे सरांच्या डब्यात बटाट्याची सुकी भाजी असे. सोमवारी बटाटा, शुक्रवारी बटाटा. जिरं, हळद, हिरवी मिरची, वरून कोथिंबीर. वहिनींच्या हाताला चव होती, त्यामुळं डबा पहिल्यांदा तोच रिकामा व्हायचा. दुसरं काही करतच नाहीत का वहिनी, असं कोणी चिडवलं की सर म्हणत, "बटाटा कोणाच्याच घरी अडत न्हाई." आणि मग बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, पेरू देशाच्या डोंगरातला, तिथले लोक तो थंडीत गोठवून पायानं तुडवून वाळवतात, हे सुरू होई.

आमच्या जुन्या शिपायानं मला एकदा आधीची हकिगत सांगितली. सर नोकरीला लागले तेव्हा काही वर्षं नकाशांच्या खोलीत बसून एकटेच जेवायचे. टेबलावरच्या एक-दोघांना त्या काळात त्यांच्या डब्याला हात लावला की पित्त व्हायचं. मग एक दिवस सर बटाटा घेऊन टेबलावर आले आणि त्या मंडळींचं पित्त हळूहळू बरं झालं. मी रुजू होईपर्यंत त्यातलं कोणी उरलं नव्हतं. बटाटा मात्र उरला होता.

सरांचा एकुलता एक मुलगा सुजात शिकायला पोलंडला गेला आणि तिथंच नोकरीला लागला. एक दिवस त्याचा फोन आला की तिथली मार्ता नावाची मुलगी त्याला पसंत आहे आणि तिच्याशी लग्न करायचं आहे. वहिनींनी दोन दिवस डोळ्याला पदर लावला. सरांनी फोनवर पहिला प्रश्न केला, "तिच्या घरी सकाळी काय खातेत?" सुजात वैतागला असणार, पण त्यानं विचारून सांगितलं. मग महिनाभर आमच्या शाळेतली नववी पोलंडमध्ये राहिली. तिथं राईचं पीठ आंबवून आंबट सूप करतात हे कळल्यावर सर माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. "माने सर, त्यायची आंबील हाय ती. आपल्याच आंबिलीची बहीण." नाताळच्या आदल्या संध्याकाळी तिथं घरातल्या माणसांपेक्षा एक ताट जास्तीचं मांडतात, अवचित कोणी आलं तर असावं म्हणून, हे तर त्यांनी सगळ्या वर्गांत फिरून सांगितलं.

नाताळच्या सुट्टीनंतर मार्तानं आणि तिच्या वडिलांनी इकडं यायचं ठरलं. आई नव्हती तिला. वडिलांचं नाव यान, बेकरीत पाव भाजायचं काम. एकुलती लेक कुठल्या घरात चालली ते डोळ्यांनी बघून मग होकार द्यायचा, एवढ्यासाठी हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार होता. सुजातनं वडिलांना स्पष्ट सांगितलं होतं, यानचं मन बसलं नाही तर मार्ता लग्नाला तयार होणार नाही.

जेवायला काय करायचं यावरून भद्र्यांच्या घरात चार दिवस वाद चालला. सरांचे मोठे भाऊ सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन नांदेडला राहत. त्यांचं म्हणणं, हॉटेलातून पनीर आणि पुलाव मागवा, उगीच शोभा नको. वहिनींचंही तेच. सरांच्या मनात दुसरंच होतं. सायकलवर हात ठेवून शाळेच्या फाटकापाशी त्यांनी मला सांगितलं, "मायच्या पद्धतीची रक्ती करावं म्हणतो."

मी गप्प राहिलो. माझ्या गावच्या जत्रेत बकरी कापली जायची, तेव्हा मटण आमच्या घरी यायचं आणि रक्त, आतडी गावाच्या त्या बाजूला जायची. त्याला काय म्हणतात, कसं करतात, हे आमच्याकडं कोणी विचारत नसे. सरांनी माझ्या गप्प राहण्याचा वेगळा अर्थ घेतला असावा. घाईनं म्हणाले, "न्हाई, म्या वाचलंय ना. ते बी खातेत. डुकराचं रक्त आन् धान्य आतड्यात भरून भाजतेत. त्यायला नवं न्हाई. म्हणून तर." मग म्हणाले, "एवढी वर्षं पोरांना शिकवून राहिलो. एकदा तरी आपलं ताट पुढं करावं वाटतं. तुम्ही या. माझं इंग्रजी ऐन वेळेला दगा देतं."

मी गेलो. यान चांगला थोराड गडी निघाला, भुवया पांढऱ्या, हात भाकरीएवढे. वहिनी पहिल्या तासाभरातच त्याला यानराव म्हणू लागल्या आणि तोही त्या नावाला मान हलवू लागला. त्याला खाली बसता येत नव्हतं, म्हणून शेजाऱ्यांकडून टेबल आणलं होतं. नांदेडहून सरांचे मोठे भाऊही आले होते. वहिनी वाढणार, जेवणारे सहा, ताटं सात. ते रिकामं ताट यानच्या लक्षात आलं. त्यानं बोटानं दाखवून लेकीला काहीतरी विचारलं, लेकीनं सुजातला, सुजातनं बापाला. सर म्हणाले, कोणी अवचित आलं तर. यान उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि त्यानं सरांच्या खांद्यावर हात ठेवला. सरांचा चेहरा उजळला. एवढ्या वर्षांची कानाची भूक त्या दिवशी भागली असं मला वाटलं.

मग वहिनींनी वाढलं. ज्वारीची भाकरी, कांदा, लिंबू आणि स्टीलच्या वाटीत रक्ती. काळीभोर, लसणाच्या फोडणीची, वर तेलाचा तवंग. माझ्या ताटात बटाट्याची भाजी होती. मला त्यात काही विशेष वाटलं नाही, मी त्या घरची तीच भाजी खात आलो होतो.

याननं वाटीकडं पाहिलं, वास घेतला आणि हे काय म्हणून विचारलं. सर स्वतःच्या इंग्रजीत अभिमानानं म्हणाले, रक्त, बकऱ्याचं. यानच्या हातातला चमचा खाली आला. त्याचा चेहरा लालबुंद झाला. तो लेकीशी हळू आवाजात बोलला. मार्ता आधी हसली, मग बापाचा चेहरा बघून तिचं हसू गेलं. वहिनींना वाटलं, तिखट झालं. त्या दह्याची वाटी आणायला वळल्या.

मार्तानं इंग्रजीत सांगितलं ते असं. त्यांच्याकडं बदकाच्या रक्ताचं काळं सूप करतात. जुन्या काळी मुलीला मागणी घालायला कोणी आला आणि घरच्यांना स्थळ पसंत नसलं, तर तोंडानं नाही म्हणत नसत. त्याच्यासमोर ते काळं सूप ठेवत. तो समजून उठून जायचा. आता असं कोणी करत नाही, पण माहीत सगळ्यांना आहे. "बाबा विचारतात," मार्ता म्हणाली, "तुमचं उत्तर नाही असं आहे का?"

सुजातला ही रीत माहीत नव्हती. मोठ्या भावानं सरांकडं असं पाहिलं की पनीर म्हणायची गरजच उरली नाही. सर उभे होते, हात भाकरीच्या पिठानं माखलेले, कारण शेवटच्या भाकरी त्यांनीच थापल्या होत्या. ज्यांनी आयुष्यभर कसं खातात ते विचारलं, त्यांची एक गोष्ट विचारायची राहिली होती आणि तीच नेमकी पोराच्या संसारावर येऊन बसली होती. त्यांचे ओठ हलले, इंग्रजी आलं नाही. मग ते माझ्याकडं वळले.

"माने सर, त्यायला सांगा. हे आमच्या घरात आल्या-गेल्याला वाढत न्हाईत. बाहेरच्यापुढं ह्याचं नाव बी काढत न्हाईत. परक्याला आम्ही बटाट्याची भाजी देतो. हे फक्त घरच्याला."

मी इंग्रजीत सांगू लागलो. पहिली दोन वाक्यं नीट गेली. तिसऱ्याच्या अर्ध्यावर माझी नजर माझ्या ताटाकडं गेली. मी वाक्य पुरं केलं, कारण ते पुरं करणं भाग होतं. मार्तानं ते बापाला सांगितलं. यान ऐकत राहिला, मग त्यानं चमचा बाजूला ठेवला, आमच्यासारखा भाकरीचा तुकडा मोडला आणि ती वाटी पुसून खाल्ली. रिकामी वाटी वहिनींपुढं धरून आणखी मागितली. वहिनी रडत होत्या आणि वाढत होत्या. दुसऱ्या वाटीच्या वेळी यानचं लक्ष माझ्या ताटाकडं गेलं. त्यानं बटाट्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि शिष्टाचार म्हणून नजर काढून घेतली. त्या टेबलावर परका कोण, हे पोलंडहून आलेल्या माणसालाही कळलं होतं.

मला सोडायला सर मोटारसायकलपर्यंत आले. म्हणाले, "तुम्हाला चालतं का न्हाई, ते इचारायचंच राहिलं." मी म्हणालो, त्यात काय सर, बटाटा छान झाला होता. त्यांनी विचारलं असतं तर मी काय म्हणालो असतो, हे मला आजही सांगता येत नाही. वाईट वाटलं, एवढं खरं. रस्ताभर वाटत राहिलं.

लग्न नांदेडलाच झालं, बुद्धवंदना होऊन. यान कोट घालून नाचला. शाळेत पुढं सगळं पूर्वीसारखं चालू राहिलं. सर नकाशा अडकवत राहिले, पोरं छी म्हणत राहिली, टेबलावर बटाटा येत राहिला. फरक एवढाच की सरांचा डबा आता दोन कप्प्यांचा झाला. वरच्या कप्प्यातला बटाटा ते मध्ये ठेवत. खालचा कप्पा उघडत नसत. मला वाटे, त्यात वहिनींनी भात दिला असेल आणि सरांना खाणं जात नसेल. एक-दोनदा त्यांचा हात कडीपर्यंत गेलेला मी पाहिला. मग ते माझ्याकडं बघत, काहीतरी विचारणार असं वाटे, आणि इथिओपियात एकाच ताटात कसे सगळे जेवतात आणि ज्याच्याबद्दल माया आहे त्याच्या तोंडात आपल्या हातानं घास कसा देतात, ते सांगू लागत.

सर निवृत्त झाले. मला बदलून लातूरच्या शाखेत घेतलं. आमचं बोलणं फोनवर होई. मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी ते जेवून आडवे झाले आणि उठलेच नाहीत. मी अर्धापूरला पोचलो तेव्हा सगळे स्मशानाकडं निघाले होते. गर्दीत त्यांचे विद्यार्थी किती होते. एक माणूस दुबईत ट्रक चालवणारा, सुट्टीवर आलेला, मला म्हणाला, सर फोन करून विचारायचे, तुझ्यासंगं गाडीवर कोण जेवतं आणि तो काय आणतो. एवढ्या लांबच्या माणसाला असं विचारणारं दुसरं कोणी नाही, असं म्हणून तो रडला. मलाही तिथंच रडू आलं.

महिन्याभरानं मी वहिनींना भेटायला गेलो. सुजात आणि मार्ता परत गेले होते. घरात वहिनी एकट्या. भिंतीवर सरांचा फोटो आणि शाळेनं निरोपाला दिलेला जगाचा नकाशा. थोडा वेळ बसलो, इकडचं तिकडचं बोललो. निघतो म्हणालो तर वहिनी म्हणाल्या, "जेवूनच जावा," आणि आत गेल्या. मी बाहेर बसून राहिलो. लसणाच्या फोडणीचा वास आला. भाकरी थापल्याचा आवाज आला. बटाट्याच्या भाजीतही लसूण घालतातच, असं मी स्वतःला समजावत होतो.

वहिनींनी ताट आणून समोर ठेवलं. भाकरी, कांदा, लिंबू. स्टीलच्या वाटीत काळी रक्ती. बटाटा नव्हता.

मी वर पाहिलं. वहिनी पदराला हात पुसत उभ्या होत्या.

"ह्यायनं नेली होती ना कितीदा तरी डब्यात तुमच्यासाठी," त्या म्हणाल्या. "यानराव येऊन गेल्यावर. खालच्या कप्प्यात. भरलेला कप्पा तसाच घरी यायचा. म्या म्हणायची, सरळ इचारा की माने सराला. तर म्हणायचे, न्हाई म्हणले तर मंग उद्या टेबलावर कसं बसावं?"

मी भिंतीवरच्या सरांच्या फोटोकडं पाहिलं.

"साऱ्या दुनियेला इचारत फिरले," वहिनी म्हणाल्या, "तुम्हाला इचारायची हिंमत झाली न्हाई. मी इचारत न्हाई. मी वाढते."

मी भाकरीचा तुकडा मोडला आणि वाटी पुसून खाल्ली. काळजाच्या जवळपासची चव, लसूण जरा जास्त, घशात किंचित लोखंडासारखं काहीतरी. खरं सांगायचं तर मला ती विशेष आवडली नाही. मी वाटी वहिनींपुढं धरली आणि आणखी मागून घेतली.